सोयाबीनची ४१२ कार्डे आणि एक तक्ता : ट्रेलोवरील नोंदी एक्सेलमध्ये उतरवण्याचे प्रकरण

यवतमाळ जिल्ह्याच्या दारव्हा तालुक्यातील एका शेतकरी उत्पादक कंपनीचा मी व्यवस्थापक आहे. २०२४ च्या खरिपात आम्ही अकरा गावांतून सोयाबीन खरेदी केले आणि त्या खरेदीच्या सगळ्या नोंदी ट्रेलो या सॉफ्टवेअरवर ठेवल्या. फेब्रुवारी २०२५ मध्ये त्या नोंदी एक्सेलच्या तक्त्यात उतरवायची वेळ आली, तेव्हा एका दुपारचे समजलेले काम नऊ दिवस चालले. हे प्रकरण सविस्तर लिहून ठेवण्याचे कारण असे, की त्या नऊ दिवसांत सापडलेल्या बहुतेक चुका पडद्यावर चूक म्हणून दिसत नव्हत्या. तक्ता नीटनेटका होता, बेरजा येत होत्या, आणि तरीही काही शेतकऱ्यांच्या मालाचे वजन, काहींचा खाते क्रमांक आणि काहींच्या वावराचा गट क्रमांक बदललेला होता.

आधीच्या हंगामात आमचे काम व्हॉट्सॲपच्या गटावर चालत असे. काटा पावतीचे फोटो तिथे पडत आणि दोन दिवसांत शंभर संदेशांखाली गाडले जात. ट्रेलोवर एका गाडीच्या मालाला एक कार्ड असते आणि ते कार्ड ‘माल आला’, ‘काटा झाला’, ‘ओलावा तपासला’, ‘पैसे दिले’ अशा याद्यांमधून पुढे सरकते. त्यामुळे कोणाचा माल कुठे अडकला आहे हे गावात बसलेल्या कार्यकर्त्यालाही मोबाईलवर दिसे. दैनंदिन कामासाठी हा बदल फार उपयोगी ठरला, हे मी आजही म्हणेन. मोफत योजनेत एका कार्यक्षेत्रात दहा माणसांची मर्यादा आहे आणि आम्ही नऊ जण होतो, म्हणून पैसे भरण्याची गरज वाटली नाही. मात्र कार्डावर वजन, ओलावा, खाते क्रमांक यांसाठी वेगळे रकाने करण्याची सोय आणि बोर्ड (सगळ्या याद्या आणि कार्डे असलेले पान) थेट सीएसव्ही, म्हणजे एक्सेलमध्ये उघडणाऱ्या साध्या मजकूर-तक्त्याच्या, स्वरूपात काढण्याची सोय या दोन्ही सशुल्क योजनांमध्येच मिळतात. आम्ही त्यावर मार्ग काढला तो असा, की प्रत्येक कार्डाच्या वर्णनात सगळी माहिती एका ओळीत, मध्ये अर्धविराम देऊन लिहायची. गट, खाते, कट्टे, वजन, ओलावा या क्रमाने ‘७/२; अमुक; २१; १२.५; १३.८’ अशी ती ओळ असे. आकडे सगळ्यांनी मोबाईलच्या इंग्रजी अंकांतच टाकले होते. पैसे पाठवल्यावर बँकेचा यूटीआर क्रमांक (त्या व्यवहाराचा ओळखक्रमांक) त्याच कार्डाखाली कॉमेंट म्हणून लिहिला जाई.

जानेवारीअखेर तेलगिरणीकडून अपेक्षेपेक्षा बरा दर मिळाला आणि संचालक मंडळाने शेतकऱ्यांना क्विंटलमागे २०० रुपये फरक वाटायचे ठरवले. त्यासाठी बँकेला एकत्रित भरण्याची फाईल द्यायची होती आणि त्याच माहितीवरून सनदी लेखापालांना शेतकरीनिहाय खरेदी नोंदवही हवी होती. दोन्हींसाठी तक्ता लागणार होता.

पहिली चूक घडली ती निर्यातीच्या वेळीच, म्हणजे नोंदी ट्रेलोतून बाहेर काढतानाच, आणि ती माझ्या देखरेखीत घडली. मोफत योजनेत बोर्ड जेसन या स्वरूपात काढता येतो. ती फाईल उघडली की कंसांच्या आत कंस असा मजकूर दिसतो आणि आमच्या लेखा सहायक ताई ते पाहून गोंधळल्या. त्यांनी जेसनचे सीएसव्ही करून देणारे एक मोफत संकेतस्थळ शोधले आणि फाईल तिथे चढवली. ते संकेतस्थळ कोण चालवते हे आम्हांला माहीत नव्हते, आणि त्या फाईलमध्ये शेकडो शेतकऱ्यांची नावे, खाते क्रमांक आणि काही कार्डांवर तर आधार क्रमांकही होते. व्यक्तिगत डेटा संरक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला आहे, पण तो नसता तरी दुसऱ्याचा खाते क्रमांक आपण कोणाच्या हाती देतो याचा विचार करणे आमचे काम होते. एक्सेलमध्येच पॉवर क्वेरी नावाची सोय आहे आणि ती जेसन फाईल संगणकावरच उघडून तक्त्यात मांडते, हे आम्हांला दोन दिवसांनी कळले. तोवर फाईल बाहेर गेली होती. हा प्रकार मी संचालक मंडळाच्या पुढच्या सभेत सांगितला आणि इतिवृत्तात नोंदवून घेतला.

संकेतस्थळावरून आलेली सीएसव्ही फाईल दोनदा क्लिक करून उघडली, तर एकही नाव वाचता येईना. सगळीकडे मात्रा दिलेले रोमन ए, चार टोके फुटलेले एक चलनचिन्ह आणि जागोजागी जपानी येनचे चिन्ह. फाईल बिघडली असे आम्हांला वाटले, पण ती बिघडलेली नव्हती. युनिकोडच्या यूटीएफ-८ पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह तीन बाइटांत साठवले जाते. फाईलच्या सुरुवातीला ओळखखूण नसली की एक्सेल ती विंडोजच्या जुन्या पाश्चात्त्य संकेतावलीत (अक्षरे साठवण्याच्या पद्धतीत) वाचते आणि त्या तीन बाइटांची तीन वेगळी अक्षरे करते. देवनागरीच्या चिन्हांचा पहिला बाइट कायम एकच असतो, म्हणून तो ए सतत दिसतो. दुसरा बाइट दोनच प्रकारचा असतो, आणि दीर्घ ईकार, एकार, ओकार, हलन्त यांच्या वाट्याला आलेला प्रकार येनच्या चिन्हासारखा उमटतो. उपाय सोपा निघाला. फाईल क्लिक न करता एक्सेलच्या ‘डेटा’ विभागातून मजकूर फाईल म्हणून आत घ्यायची आणि संकेतावली ६५००१, म्हणजे यूटीएफ-८, निवडायची. नावे जशीच्या तशी आली. मूळ फाईल आम्ही हात न लावता वेगळी ठेवली होती, हे पुढे अनेकदा उपयोगी पडले.

नावे वाचता आल्यावर सगळ्यांना हायसे वाटले आणि खरी हानी नेमकी त्यानंतर झाली. वर्णनाची ती एक ओळ अर्धविरामावर तोडून तिचे रकाने करायचे होते. एक्सेलमधील ‘टेक्स्ट टू कॉलम्स’ हे काम तीन पायऱ्यांत करते. तिसऱ्या पायरीवर प्रत्येक रकाना सर्वसाधारण आहे, मजकूर आहे की तारीख आहे हे विचारले जाते. ताईंनी, आणि शेजारी बसलेल्या मीही, काही न बदलता पुढे जाऊ दिले. सर्वसाधारण रकान्यात एक्सेल मजकूर पाहून स्वतः अर्थ लावते. १६ अंकी खाते क्रमांक त्याला संख्या वाटला. एक्सेल संख्येचे पहिले १५ अंकच जपून ठेवते, त्यामुळे ज्या बँकेचे खाते क्रमांक १६ अंकी असतात त्या सगळ्या शेतकऱ्यांच्या खात्याचा शेवटचा अंक शून्य झाला. शून्याने सुरू होणाऱ्या खाते क्रमांकांचे पुढचे शून्य गळाले.

हे लक्षात आले ते आमच्या हुशारीमुळे नव्हे. ताईंनी पहिल्या गावाचा तक्ता छापून काट्यावरच्या मामांकडे सहीसाठी पाठवला होता. मामा तीस वर्षे बाजार समितीत आणि आता आमच्याकडे वजन करतात; त्यांचे स्वतःचे वावरही त्याच गावात आहे. ते कागद घेऊन कार्यालयात आले, स्वतःच्या नावावर बोट ठेवले आणि म्हणाले, “भाऊ, हे सात फेब्रुवारी कायचं व्हय? माह्या वावराचा नंबर व्हय ना तो.” त्यांचा गट क्रमांक ७/२ आहे. एक्सेलने तिरपी रेघ पाहून त्याची ७ फेब्रुवारी ही तारीख केली होती. तो रकाना पुन्हा मजकूर करून पाहिला तर तिथे ७/२ परत येईना, ४५६९५ उमटले. कारण तारीख एकदा झाली की एक्सेल तिला १९०० पासूनच्या दिवसांच्या क्रमांकाने साठवते आणि मूळ अक्षरे विसरते. ११८/२ सारखे गट क्रमांक तारखेत बसत नसल्याने शाबूत राहिले होते, १२/२अ मागच्या अक्षरामुळे वाचला होता, आणि म्हणूनच वरवर चाळताना रकाना ठीक वाटत होता. गट क्रमांकाची ही गत पाहिल्यावरच आम्ही खाते क्रमांकांकडे वळलो. एनईएफटीमध्ये रक्कम जमा होते ती खाते क्रमांकावर, नावावर नव्हे. ती फाईल बँकेत गेली असती तर काही रकमा परत आल्या असत्या आणि एखादी भलत्याच्या खात्यावरही पडली असती. मामांचा तो कागद मी जपून ठेवला आहे.

ही अडचण केवळ आमची नाही. मानवी जनुकांची नावे ठरवणाऱ्या समितीने २०२० मध्ये मार्च आणि सप्टेंबर या महिन्यांशी साम्य असलेली काही नावे बदलली, कारण संशोधकांच्या तक्त्यांत त्यांच्या तारखा होत होत्या. ऑक्टोबर २०२३ पासून एक्सेलच्या नव्या आवृत्तीत असे आपोआप होणारे बदल थांबवण्याची सोय आहे, पण ती पुढच्या शून्यांसाठी, लांब आकड्यांसाठी आणि अक्षर-अंक जोडून झालेल्या तारखांसाठी आहे. ७/२ सारख्या तिरप्या रेघेला ती लागू पडत नाही. तिथे रकाना आधीच मजकूर म्हणून ठरवणे एवढाच मार्ग राहतो. आम्ही मूळ जेसनवरून सगळे पुन्हा केले आणि तिसऱ्या पायरीवर गट आणि खाते क्रमांकांचे रकाने मजकूर करून घेतले. यूटीआर क्रमांकात अक्षरेही असतात, त्यामुळे त्याला आधीही धक्का लागला नव्हता.

यानंतर वजनाकडे वळलो, आणि या प्रकरणातला सर्वांत अवघड भाग हाच होता. पहिल्यांदा बेरीज घेतली तेव्हा ३,९४० क्विंटल आले, तर गोदामातून गिरणीला गेलेला माल ५,७१६ क्विंटल होता. विकत घेतला त्याहून जास्त माल विकला, असा तो हिशेब निघाला. कारण शोधले तर काही कार्डांवर ‘१४ क्विं. २० किलो’, काहींवर ‘१४२० किलो’ आणि काहींवर नुसता आकडा होता. बेरजेचे सूत्र मजकूर असलेला चौकोन कोणतीही सूचना न देता वगळते. सगळे एका मापात आणल्यावर बेरीज ६,०१२ झाली, म्हणजे आता खरेदी फार जास्त दिसू लागली.

त्यातला मोठा वाटा संग्रहित कार्डांचा होता. ट्रेलोवर कार्ड नको असले की आपण ते संग्रहित करतो, ते बोर्डावरून नाहीसे होते आणि ते पुसले गेले असे आपण समजतो. जेसनमध्ये मात्र ते येते, फक्त ‘बंद’ अशी खूण घेऊन. बोर्डावर आम्ही ४१० कार्डे मोजली होती आणि फाईलमध्ये ४२९ होती. ही १९ कार्डे सरळ काढून टाकावीत असे वाटणे साहजिक होते, पण एकेक उघडून पाहिल्यावर १७ दुबार निघाली आणि दोन खरी. एका कार्यकर्त्याचे बोट चुकून ती संग्रहित झाली होती आणि त्या दोन शेतकऱ्यांचा माल गोदामात आलेला होता. म्हणून खरी संख्या ४१२ ठरली. दुबार कार्डांचे २३८ क्विंटल वजा झाल्यावर ५,७७४ उरले.

एवढा आकडा गोदामाशी बऱ्यापैकी जुळत होता आणि आम्ही इथे थांबू शकलो असतो. मामांनी थांबू दिले नाही. त्यांनी १२.५ असे लिहिलेले कार्ड दाखवून विचारले, की हे साडेबारा क्विंटल समजायचे की बारा क्विंटल पाच किलो. आमच्या भागात काट्यावर वजन बोलताना क्विंटल आणि किलो वेगळे बोलतात, आणि काही कार्यकर्ते मधला ठिपका केवळ दोन आकडे वेगळे करण्यासाठी टाकतात. त्यांच्या हातचे १२.५ म्हणजे १२ क्विंटल ५ किलो. शाळेत शिकलेल्या दशांशाने तेच १२ क्विंटल ५० किलो. दोन्ही माणसे प्रामाणिक, दोघांचेही लिहिणे आपापल्या जागी बरोबर, आणि तक्त्यात दोन्ही नोंदी अक्षरशः सारख्या. ४५ किलोंवर फरकाची रक्कम ९० रुपये होते. रक्कम मोठी नाही, परंतु ज्याच्या मालाचे वजन कागदावर चुकते तो पुढच्या वर्षी दुसऱ्याच्या काट्यावर जातो, आणि त्याचे जाणे रास्त असते.

ठिपक्यानंतर एकच अंक असलेली ६४ कार्डे निघाली. कट्ट्यांच्या संख्येवरून अंदाज करून पाहिला, पण कट्टा काही सगळीकडे सारख्या वजनाचा नसतो. शेवटी काटा पावतीचा फोटो हाच आधार उरला. निर्यातीत फोटो येत नाहीत, त्यांचे दुवे येतात, आणि ते दुवे ट्रेलोवर प्रवेश घेतलेल्या माणसालाच उघडतात. म्हणजे बोर्ड पुसून टाकला असता तर हा पुरावाही गेला असता. मामा आणि ताई दोन संध्याकाळी शेजारी बसले. ताई फोटो उघडत, मामा पावती वाचत. २७ ठिकाणी किलो निघाले, ३४ ठिकाणी दशांश, आणि तीन कार्डांना फोटोच नव्हता. त्या दुरुस्त्यांनी आणखी १२ क्विंटल कमी होऊन खरेदी ५,७६२ क्विंटलवर स्थिरावली. गोदामाच्या आकड्याशी राहिलेले ४६ क्विंटलांचे अंतर ओलावा उडाल्याने होणाऱ्या घटीत बसते.

तारखेचा प्रश्न लेखापालांनी काढला. शासकीय खरेदीत सोयाबीनच्या ओलाव्याची मर्यादा नोव्हेंबर २०२४ च्या मध्यात त्या हंगामापुरती १२ वरून १५ टक्के झाली होती, आणि आमच्या मंडळानेही १६ नोव्हेंबरपासून १५ टक्क्यांपर्यंतचा माल कटती लावून घ्यायचे ठरवले होते. तक्त्यात मात्र १३.८ टक्के ओलाव्याचा माल १५ नोव्हेंबरला घेतलेला दिसत होता. ट्रेलोच्या जेसनमध्ये कार्ड केव्हा केले याचा वेगळा रकाना नाही, शेवटची हालचाल केव्हा झाली एवढेच असते. कार्डाची निर्मितीवेळ त्याच्या २४ चिन्हांच्या ओळखक्रमांकातच दडलेली असते : पहिली आठ चिन्हे षोडशमान (सोळा-आधारित) पद्धतीत १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद सांगतात. त्या कार्डाचे सेकंद १७३१६९६६०० निघाले. त्यांना ८६,४०० ने भागून २५,५६९ मिळवले की एक्सेलची तारीख मिळते, आणि ती आली १५ नोव्हेंबर, संध्याकाळी ६ वाजून ५० मिनिटे. ही वेळ ग्रीनिचची. त्यात साडेपाच तास मिळवल्यावर १६ नोव्हेंबर, रात्रीचे १२ वाजून २० मिनिटे. मळणी आटोपून ट्रॅक्टर रात्रीच येतात, आणि मध्यरात्र ते पहाटे साडेपाच यांमध्ये झालेले प्रत्येक कार्ड तक्त्यात एक दिवस मागे गेले होते. साडेपाच तासांची भर संपूर्ण रकान्याला लावली. तरीही ही कार्डाची वेळ आहे, मालाची नव्हे. ज्या दोन गावांत मोबाईलला रेंज नसते तिथले कार्यकर्ते कार्ड दुसऱ्या दिवशी भरतात. म्हणून नोंदवहीत तारीख पावतीवरचीच धरली आणि कार्डाची वेळ फक्त पडताळणीला वापरली.

राहिला यूटीआर क्रमांक. ४१२ पैकी १६३ कार्डांचेच क्रमांक तक्त्यात आले. बोर्डाच्या जेसनमध्ये सर्वांत अलीकडच्या १,००० हालचालीच येतात आणि कॉमेंटही हालचालच मोजली जाते. एका कार्डाच्या सहा हालचाली धरल्या तरी आमच्या अडीच हजारांवर गेल्या होत्या. कॉमेंट ट्रेलोवर शाबूत होत्या, फक्त त्या फाईलमध्ये नव्हत्या. पुसदला अभियांत्रिकी शिकणाऱ्या एका सभासदाच्या मुलाने ट्रेलोच्या एपीआयकडून (दुसऱ्या प्रोग्रॅमने ट्रेलोतील माहिती थेट मागवण्याची सोय) हजार-हजारांच्या टप्प्याने, प्रत्येक वेळी आधीच्या टप्प्याच्या शेवटच्या तारखेपूर्वीचे मागवत, तीन खेपांत सगळ्या हालचाली काढून दिल्या. ज्यांना हे जमत नाही त्यांना एखाद्या कार्डाच्या पत्त्यापुढे ‘डॉट जेसन’ जोडून त्या एका कार्डाचा इतिहास पाहता येतो. मिळालेले क्रमांक आम्ही बँकेच्या खातेउताऱ्याशी ताडून घेतले, कारण पैसे गेल्याचा पुरावा तो उतारा आहे, कॉमेंट नव्हे.

२०२५ च्या हंगामात कार्डावर खाते आणि आधार क्रमांक लिहिणे बंद केले. कार्डावर सभासद क्रमांक असतो आणि त्याची जोड कार्यालयातल्या संगणकावरील यादीशी होते. वजन फक्त किलोत, ठिपका न देता लिहायचे ठरले, आणि कार्यकर्त्यांना ते सांगण्याचे काम मामांनी गावोगाव जाऊन केले. दर शनिवारी जेसन काढून, हात न लावता, तारखेसह जपून ठेवली जाते. आठवड्यात हालचाली हजारांच्या आत राहतात. पावतीचे फोटो कार्यालयातल्या डिस्कवर उतरवले जातात.

फोटो नसलेल्या त्या तीन कार्डांच्या शेतकऱ्यांना आम्ही बोलावून घेतले. दोघांकडे पावतीची त्यांची प्रत निघाली, एकात किलो होते, एकात दशांश. तिसऱ्यांची पावती पावसात भिजून गेली होती. त्यांच्या मालाचे जास्तीचे वजन धरून फरक दिला आणि नोंदवहीत त्या ओळीपुढे ‘पावती उपलब्ध नाही, शेतकऱ्याच्या सांगण्यावरून’ असा शेरा लिहून मामांची सही घेतली.